कच्चं बेलफळ

पौषात आजी परड्यातल्या बेलाखाली आकडी घेऊन उभी राहायची आणि हिरवीगार, कच्ची फळं पाडायची. भोरजवळच्या आमच्या गावात महादेवाच्या देवळामागेही एक बेल होता, पण त्याची पानं तेवढी घ्यायची, फळाला हात लावायचा नाही, असा दंडक. परड्यातला बेल घरचा. मोसंब्याएवढ्या फळांची कवटी तेव्हा अजून लाकडासारखी टणक झालेली नसायची, त्यामुळे कोयत्याने आडव्या चकत्या पडायच्या. चकतीच्या मधोमध बियांचे कप्पे गाडीच्या चाकासारखे दिसत आणि प्रत्येक कप्प्यात काचेसारखा स्वच्छ, बोटाला चिकटला की सुटता न सुटणारा डिंक. सुपात घालून पाच-सहा उन्हं दिली की चकत्या तांबूस होत. मग त्या कापडी पिशवीत भरून माजघरातल्या खुंटीला टांगल्या जात, त्या थेट पावसाळ्यापर्यंत.

श्रावणात कुणाला हगवण लागली, पोटात मुरडा येऊन आव पडायला लागली, की पिशवी खाली यायची. मूठभर चकत्या कुटून पाण्यात घालायच्या आणि पाणी चौथाई उरेपर्यंत उकळायचं. तो काढा इतका तुरट असायचा की जीभ टाळूला चिकटून बसायची. आजी समोर बसून तो प्यायला लावायची आणि म्हणायची, "पी. पोट बांधतंय त्यानं." रोग जातो, जंतू मरतात, असं ती कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. पोट बांधतं, एवढंच.

चैत्रात त्याच झाडाची पिकलेली फळं फोडून, गर कोळून, गूळ घालून ती सरबत करायची. ते मात्र पोट साफ व्हायला. झाड तेच, फळ तेच, मध्ये फक्त तीन-चार महिने, आणि गुण अगदी उलटा. लहानपणी मला याचं नवल वाटलं नाही. पुढे कळलं की सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हा भेद नोंदवलेला आहे: सगळी फळं पिकल्यावर गुणवान होतात, अपवाद बेलाचा, तो कच्चाच श्रेष्ठ. आणि द्राक्ष, बेल, हिरडा यांची फळं वाळवलेली अधिक गुणाची. आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्यापर्यंत हे कोणत्या वाटेने आलं असेल, याचा विचार मी अजून करते.

हे सगळं आठवायला लागलं ते आत्यामुळे.

आत्याला बेचाळिसाव्या वर्षी शौचातून रक्त पडायला लागलं. तिने सात महिने कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध असेल, उष्णता असेल, असं स्वतःचीच समजूत घालत राहिली. आपल्याकडच्या बायका डोकेदुखी बोलतात, कंबर बोलतात, पण हे दुखणं त्या बोलत नाहीत, आणि त्या न बोलण्यात महिनेच्या महिने जातात. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन सात. दुर्बीण घालून कोलोनोस्कोपी झाली, मोठ्या आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासायला गेले आणि निदान झालं अल्सरेटिव्ह कोलायटिसचं. शरीराची संरक्षणयंत्रणाच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि तिथे जखमा होतात. आतड्याचा दाह दाबणाऱ्या मेसालामाईनच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत रक्त थांबलं, अंगावर थोडं मांस आलं.

आणि मग मी चूक केली. आत्या म्हणाली, "आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या म्हणतात गं, आपल्या आईचा बेल काय वाईट होता?" मी नको म्हणायला हवं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. पण माझ्यासमोर तेव्हा आजीची पिशवी होती, श्रावणातला तो काढा होता, आणि दोन दिवसांत बांधलं गेलेलं माझंच पोट होतं. मी स्वतः मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेल्या बेलाच्या चकत्या आणून दिल्या. आत्याने गोळ्या बंद केल्या. पहिले दोन महिने काही झालं नाही, म्हणून आमचा विश्वास वाढला. आता कळतं की आजार गोळ्यांनी दबलेला होता आणि त्या दबलेपणाचं श्रेय आम्ही काढ्याला देत होतो. तिसऱ्या महिन्यात तो उसळला. दिवसाला पंधरा-सोळा वेळा रक्त आणि आव. अकरा दिवस दवाखाना, दोन बाटल्या रक्त, स्टेरॉईडची इंजेक्शनं.

त्या अकरा दिवसांत तिच्या उशाशी बसून मी जुन्या फाईलमधला बायॉप्सीचा अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. श्लेष्म स्रवणाऱ्या पेशी कमी झालेल्या. अस्तराच्या खळग्यांमध्ये पू. खळग्यांची रचना वाकडीतिकडी. मी मुलांना पचनसंस्था शिकवताना फळ्यावर एक लांबलचक नळी काढायची आणि पुढे जायची. त्या नळीच्या आतल्या बाजूला काय आहे, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा खरं समजलं.

लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. मिलिमीटरभर उंचीच्या बोटांसारखे लाखो उंचवटे, त्यांना रसांकुर म्हणतात, आणि त्यांच्या बुडाशी खळगे. घड्या उलगडल्या तर टेनिसच्या मैदानाएवढं क्षेत्रफळ भरेल असं पुस्तकांत असायचं. २०१४ साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी नीट मोजदाद करून ते तीस चौरस मीटरच्या आसपास आणलं, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाएवढं. मोठ्या आतड्यात रसांकुर नसतात, नुसते खळगे असतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: बाहेरचं जग आणि आपलं रक्त यांच्यामध्ये जो पडदा आहे तो फक्त एका पेशीच्या जाडीचा आहे. पेशीला पेशी घट्ट शिवलेली, वर बुळबुळीत श्लेष्माचा थर, आणि बस. हा पडदा दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. खळग्याच्या तळाशी पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि टोकाला पोचून गळून पडतात. मी आत्याच्या हाताला लावलेल्या सलाईनकडे बघत हिशोब करायची: आपण दवाखान्यात आलो तेव्हाच्या पेशी आज तिच्या आत नाहीत.

तिला घरी आणल्यावर मी बेलाबद्दल मिळेल ते वाचायला लागले. अपराधीपण होतंच. पण त्याहून जास्त मला हे हवं होतं की आजी खोटी ठरू नये, आणि खोटी असेल तर तेही मला कळावं.

२००९ सालचा एक शोधनिबंध हाती लागला आणि पहिल्याच पानावर मी थांबले. काम झालं होतं मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये, आणि सोबतची संस्था होती नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र, शिरवळ. शिरवळ! भोरला जाताना आम्ही ज्या हमरस्त्यावरून जायचो, त्या रस्त्यावरचं शिरवळ. आजीच्या परड्यापासून एसटीने तासाभरावर. मुंबईची संस्था १९७५ साली डॉ. नोशिर अंतिया यांनी उभी केलेली. ते कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात सरळ करणारे प्लास्टिक सर्जन, आणि रायगडात मांडव्याला गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन त्यांच्या हाती गावाचं आरोग्य सोपवता येतं हे दाखवणारा माणूस. अशा माणसाच्या संस्थेने आजीच्या काढ्याकडे गंभीरपणे बघितलं होतं, याने मला फार बरं वाटलं.

त्यांनी कच्च्या बेलाच्या वाळलेल्या गराचा काढाच घेतला होता. अल्कोहोलमधला अर्क नाही, वेगळं काढलेलं एखादं रसायन नाही. पाण्यात उकळून आटवलेला, घरात करतात तसा काढा. आणि त्याला एकेक प्रश्न विचारला होता. हगवण आणणारे सहा प्रकारचे जिवाणू या काढ्यात मरतात का? नाही. एकही मरत नाही. जिआर्डिया हा परजीवी आणि लहान मुलांना बेजार करणारा रोटाव्हायरस यांच्यावर मात्र त्याचा मारक परिणाम दिसला. आतापर्यंत बहुतेकांनी इथेच थांबून म्हटलं असतं की जिवाणूंवर निरुपयोगी. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: जिवाणू मरत नसतील, पण ते पेशीला चिकटतात का? ई. कोलाय या जिवाणूचा एक प्रकार आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटून तिचे सूक्ष्म केस सपाट करून टाकतो. शिगेला नावाचा जिवाणू त्याहून वाईट, तो पेशीच्या आत शिरतो, शेजारच्या पेशीत घुसतो आणि अस्तर फाडत जातो. रक्ती आव पडते ती त्यामुळे. काचपात्रात वाढवलेल्या मानवी पेशींवर काढा घातला तेव्हा हे चिकटणंही कमी झालं आणि आत शिरणंही.

मग विष. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जिवाणू आतड्यात शिरून काही फाडत नाही. पटकीच्या रोग्याचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली बरंचसं धडच दिसतं. तो एक विष सोडतो. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीएम१ नावाच्या रेणूला जाऊन बसतं, आणि मग पेशीतून क्षार आणि त्यामागोमाग पाणी असं वाहू लागतं की तासाला लिटरभर पाणी अंगातून जाऊ शकतं. हे विष वेगळं अस्तित्वात आहे, हे १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं. जिवाणू पूर्ण गाळून काढलेलं द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात घातलं तरी आतडं पाण्याने फुगतं, एवढा साधा आणि निर्णायक प्रयोग. त्या माणसाला हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, हे मला लागतं. तर मुंबईच्या निबंधात असं दिसलं की बेलाच्या काढ्याने पटकीचं विष तयार होण्यावर परिणाम झाला, आणि ते व ई. कोलायचं त्याच जातीचं उष्णतेने नासणारं विष जीएम१ला बसण्यातही अडथळा आला. ई. कोलायचं दुसरं विष, जे उष्णतेलाही दाद देत नाही, त्यावर मात्र काही परिणाम नाही.

मी ते वाक्य वाचून वही मिटली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. जिवाणू मरत नाही. त्याला धरायला जागा मिळत नाही, आणि त्याने सोडलेल्या विषाला बसायला जागा मिळत नाही. चरकाने बेलाला सांग्राहिक म्हटलंय, म्हणजे गोळा करून धरून ठेवणारा. आजीचं "बांधतंय" त्याच्या जवळच बसणारं.

तरीही काचपात्रातल्या त्या पेशी माणसाच्या आतड्यातल्या नव्हत्या. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवली जाणारी ती एक पेशीवंशावळ. शिवाय, जुलाबाने मूल दगावतं ते पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमात कालवून लोकांना पाजलं, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. पटकीच्या विषाने पेशीची एक वाट उघडी पडते, पण साखरेच्या जोडीने मीठ आत घेणारी दुसरी वाट शाबूत राहते, त्यावर ते पाणी चालतं. आजीच्या काळी गावात जी तान्ही मुलं हगवणीने गेली, आणि गेली हे मला माहीत आहे, त्यांना काढा मिळाला होता. मिळायला हवं होतं ते हे पाणी. आज माझ्या घरात ओआरएसची पाकिटं बेलाच्या पिशवीच्या आधी हाताला येतील अशी ठेवलेली असतात.

पण आत्याला हगवण नव्हती. तिथे आमची खरी गफलत झाली. लक्षणं दोन्हीकडे तीच, मुरडा, आव, रक्त; आणि आपण नाव लक्षणाला देतो. कोलायटिसमध्ये बाहेरून आलेला कुणी चिकटत नसतो की त्याला अडवावं. आग आतून लागलेली असते. कच्च्या बेलाच्या पाण्यातल्या अर्काने ॲसेटिक ॲसिडने आतडं भाजलेल्या उंदरांमध्ये दाह कमी होतो, असं ओडिशातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं आहे, आणि ते मी आशेने वाचलं. पण रसायनाने एकदा भाजलेलं उंदराचं आतडं आणि वर्षानुवर्षं स्वतःलाच जाळत राहणारं माणसाचं आतडं यांत फार अंतर आहे. माणसांवरची एक जुनी चाचणी आहे, १९८९ सालची, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आलेली. १६९ रुग्ण, बेल आणि ब्राह्मी यांचं औषध, तुलनेला नेहमीचं औषध आणि औषध नसलेली निव्वळ दिखाऊ गोळी. आजार कोलायटिस नव्हता. अस्तराला जखम नसताना पोट बिघडतं तो आयबीएस होता. बेल-ब्राह्मीने ६४.९ टक्के लोकांना बरं वाटलं, नेहमीच्या औषधाने ७८.३ आणि दिखाऊ गोळीने ३२.७. जुलाबाचा जोर असलेल्यांना बेलाचा गुण विशेष आला. सहा महिन्यांहून पुढे बघितलं तेव्हा आजार उलटण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही औषधं दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो कुणाचीच बाजू घेत नाही.

आत्याच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "काढा किती वेळा घेत होत्या?" तीन वेळा, मी म्हटलं. "आणि लोहाच्या गोळ्या?" त्याही, बहुतेक काढ्याबरोबरच. ते म्हणाले, "मग हिमोग्लोबिन वाढेल कसं? तुरट काढा लोह धरून ठेवतो, ते अंगात शिरतच नाही."

हे मला सुचायला हवं होतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतले महादेव कोळी हिरडा गोळा करतात. तो औषधाला जातो तसा चामडं कमवायलाही जातो. हिरड्यातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य कातड्यातल्या प्रथिनांना आवळून धरतं, कातडं टिकतं. कच्च्या बेलात तेच, डाळिंबाच्या सालीत तेच. जीभ टाळूला चिकटते ते त्यामुळे: टॅनिन लाळेतली प्रथिनं आवळतं. आतड्याच्या पृष्ठभागावर ते पाझर आटवत असेल, आणि सोबत आलेलं लोहही पकडून बसतं. बांधणारा जे बांधायचं तेवढंच बांधत नाही. आजीने आम्हाला काढा दोन दिवस दिला, तिसऱ्या दिवशी बंद केला, आणि मऊ भात आणि ताक सुरू केलं. कधीच सलग तीन महिने दिला नाही. मी पिशवी तेवढी उचलली होती, तिचं थांबणं उचललं नव्हतं.

दुकानांत आता काढ्याऐवजी अर्काच्या कॅप्सूल मिळतात. बाटलीवर बेलाचं चित्र आणि आत कितीतरी पट दाट अर्क. मला त्यांची भीती वाटते आणि ती उगाच नाही. बेलाच्या पानांत एजिलीन नावाचं एक द्रव्य असतं. ते कारखान्यात बनवून वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी पूरकात घातलं गेलं, आणि २०१३ साली हवाई बेटांवर ते घेणाऱ्या कितीतरी जणांची यकृतं सुजली, सरकारला ते बाजारातून काढायला लावावं लागलं. झाडावरचं पान आणि कारखान्यातलं ते द्रव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण "बेलातलंच आहे, मग काय होतंय" हे वाक्य मी स्वतः आत्याला म्हटलेलं आहे.

आत्याला आता नऊ वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. दर वर्षा-दोन वर्षांनी दुर्बीण आत जाते, आणि गेल्या वेळच्या अहवालात खळगे पुन्हा सरळ, ओळीत उभे असल्याचं लिहिलं होतं. श्लेष्माच्या पेशी परत आल्या होत्या. मी तो कागद शाळेत नेला आणि मुलांना नळीच्या आत काय असतं ते एक तासभर शिकवलं.

आजी गेली, परडं चुलत्यांच्या वाटणीला गेलं, पण बेल आहे. या पौषात आम्ही दोघी गेलो होतो. आकडी आत्यानेच धरली. तिला फळं कशाला हवीत, हे मी विचारलं नाही, ती आपणहून म्हणाली, "मला नको गं. शेजारच्या सुनेचा पोरगा सारखा जुलाबानं बेजार असतो, मोठा झालाय आता, दहा वर्षांचा. पाकिटाचं पाणी आधी द्यायला सांगितलंय. झिंकच्या गोळ्याही आहेत. मग वाटलं तर हे."

तिने कोयता घेतला. पहिली चकती पडली तेव्हा मधलं चाक अगदी स्पष्ट दिसलं, आणि कप्प्यातला डिंक तिच्या अंगठ्याला लागून तार होऊन लांबत गेला, तुटेचना.